सतरावी मात्रा: लूपची गोष्ट

ज्यांना बसमध्ये इयरफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

मागच्या महिन्यात मिरजेहून मामाचा फोन आला. मामा तबला शिकवतो. म्हणाला, "अरे, तात्यांची कॅसेट सापडली. लेहऱ्याची. मला ती मोबाईलमध्ये टाकून दे. आणि असं काहीतरी कर की ती संपताच कामा नये."

तात्या म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. पेटी वाजवायचे. मामा लहान असताना त्याच्या रियाजाला लेहरा तेच धरायचे, पण ड्युटी रात्रीची असली की पंचाईत. म्हणून त्यांनी एका दुपारी टेपरेकॉर्डर समोर ठेवून कॅसेटची एक बाजू भरून नुसता लेहरा वाजवून ठेवला. तीनतालाचा, चंद्रकंसातला. अर्धा तास एकच ओळ.

ज्यांना लेहरा माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो. सोलो तबला वाजताना पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते, तालाच्या एका आवर्तनात बरोब्बर बसणारी, आणि तबलजी तिच्या आधाराने आपण कुठे आहोत ते ओळखतो. थोडक्यात काय, तर लूप. आपल्याकडे त्याला आवर्तन म्हणतात आणि त्यासाठी प्लग लागत नाही.

मी म्हटलं, हे तर दहा मिनिटांचं काम आहे. इंजिनिअर माणूस असं म्हणाला की समजायचं, शनिवार-रविवार गेले.

कॅसेट लॅपटॉपवर घेतली. एक आवर्तन निवडलं, रिपीट चालू केलं. रीपरमध्ये नुसतं टाइम सिलेक्शन करून आर दाबायचं. वाजायला लागलं आणि दर आवर्तनाच्या शेवटी "टक्". लहानसाच आवाज, पण एकदा ऐकू आला की दुसरं काही ऐकूच येत नाही. तो "टक्" शोधता शोधता मी जिथवर पोचलो, ती आजची गोष्ट. सुरुवात पॅरिसमध्ये होते. आणि गंमत म्हणजे, तीही रेल्वेतच.

पिएर शेफेर हा फ्रेंच रेडिओतला माणूस. शिक्षणाने इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलाच. १९४८ साली तो पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनवर रेकॉर्डिंगचं सामान घेऊन गेला आणि इंजिनांच्या शिट्ट्या, वाफ, रुळांचा खडखडाट टिपून आणला. त्यातून त्याने बनवलेली रचना त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला रेडिओवर वाजली. वाद्य एकही नाही, गायक नाही, नुसत्या आगगाड्या.

पण त्याच्याकडे टेप नव्हती. होत्या त्या तबकड्या. साध्या तबकडीवरची खाच गोगलगाईच्या शंखासारखी आत आत जाते, म्हणून सुई पुढे सरकते. ती खाच चुकून स्वतःलाच येऊन मिळाली, तर सुई तिथेच फिरत राहते. आपल्या घरची जुनी रेकॉर्ड अडकायची ना, तसंच. सगळ्यांना हा बिघाड वाटायचा, शेफेरने तो मुद्दाम करायला सुरुवात केली. "बंद खाच" असं त्याने त्याला नाव दिलं. माझ्या मते आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमधल्या त्या गोल बाणाच्या बटणाचा पूर्वज हाच.

त्याचा हिशोब पाहा. ७८ आरपीएमची तबकडी एका फेरीला घेते ६० भागिले ७८, म्हणजे पाऊण सेकंदाच्या किंचित वर. तेवढीच लूपची लांबी. कमी नाही, जास्त नाही. संगीतकार काय ठरवणार, मोटर ठरवणार.

शेफेरला आणखी एक गोष्ट सापडली. घंटेचा आवाज घ्यायचा, पण ठोका पडतो तो पहिला क्षण कापून टाकायचा आणि उरलेला नाद फिरवत ठेवायचा. मग ती घंटा वाटतच नाही, फुंकून वाजवायच्या वाद्यासारखं काहीतरी वाटतं. आपण आवाज ओळखतो तो बराचसा त्याच्या सुरुवातीवरून. म्हणजे लूप नुसती पुनरावृत्ती करत नाही, आवाजाची ओळखच बदलू शकते. हे डोक्यात असू द्या, तात्यांकडे परत येताना लागेल.

मग टेप आली आणि लांबीचं बंधन सुटलं. टेपचा तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवायची, झाला लूप. पण आता तो खोलीत मावायला हवा! स्टुडिओत टेप साधारण ३८ सेंटिमीटर दर सेकंदाला अशी धावायची. चार सेकंदांच्या लूपला दीड मीटर टेप. ती मशीनबाहेर लोंबणार, मग तिला कुणीतरी ताणून धरायला पाहिजे. एप्रिल १९६६ मध्ये लंडनला बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज' साठी पाच लूप एकदम वाजवले, तेव्हा वेगवेगळ्या खोल्यांमधल्या मशीनींपाशी पांढरे कोट घातलेले तंत्रज्ञ पेन्सिलीत टेप अडकवून उभे होते. मला हे दृश्य फार आवडतं. आपण एका बोटाने जे करतो, त्यासाठी तिथे माणसं पेन्सिली धरून उभी.

त्याच्या वर्षभर आधी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह राइश नावाचा तरुण संगीतकार एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या आवाजाचे दोन सारखे लूप दोन टेपरेकॉर्डरवर लावून बसला होता. दोन्ही एकत्र सुरू केले, पण दोन मोटरींचा वेग अगदी सारखा कधीच नसतो. एक लूप हळूहळू पुढे सरकायला लागला. आधी घुमल्यासारखं, मग प्रतिध्वनी, मग दोन माणसं भांडल्यासारखं. आमच्या भाषेत हा सरळ सरळ क्लॉक ड्रिफ्टचा बग आहे. माझ्या हापिसात असा बग आला तर रात्री दोनला फोन वाजतो. राइशने तो दुरुस्त केला नाही, ऐकत बसला, आणि त्यातून 'इट्स गॉना रेन' ही १९६५ ची रचना आली.

टेपचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७७. फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत बी जीज 'स्टेइंग अलाइव्ह' रेकॉर्ड करतायत, आणि ड्रमर डेनिस ब्रायनला घरच्या कारणाने मध्येच जावं लागलं. निर्माता आल्बी गालुटेन आणि इंजिनिअर कार्ल रिचर्डसन यांनी काय करावं? 'नाइट फीव्हर' या गाण्यात ब्रायनने आधी वाजवलेले दोन बार टेपवर उतरवले, लूप केला, माइकच्या स्टँडवरून फिरवला आणि ताण राहावा म्हणून त्याला टेपचं रीळ लटकवलं. पूर्ण गाणं त्यावर. ड्रमरचं नाव काय लिहायचं? गमतीत लिहिलं "बर्नार्ड लूप". मग लोक म्हणे या बर्नार्डला शोधायला लागले, आपल्यासाठी वाजवशील का म्हणून. असा ताल धरणारा ड्रमर कुठे मिळतो!

पण या विनोदात एक खोच आहे. वाजवणारा हात खऱ्या माणसाचा होता आणि नाव लागलं नसलेल्या माणसाचं. ब्रायन निदान बँडमध्येच होता. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं.

आता न्यूयॉर्कला चला, ब्राँक्समध्ये. ११ ऑगस्ट १९७३, सेजविक अॅव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. शाळा सुरू होण्याआधी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवलीय, आणि गाणी लावतोय तिचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. हर्कच्या लक्षात आलं होतं, की गाण्यात बाकी सगळे थांबून नुसते ड्रम वाजतात त्या काही सेकंदांत लोक सगळ्यात जास्त नाचतात. पण ते सेकंद लगेच संपतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या, दोन टर्नटेबलांवर. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. मामाची मागणी आणि या नाचणाऱ्या पोरांची मागणी एकच होती. संपताच कामा नये.

अशा ब्रेकांमधला सगळ्यात प्रसिद्ध ब्रेक १९६९ चा. वॉशिंग्टनचा 'द विन्स्टन्स' नावाचा बँड, त्यांच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं 'आमेन, ब्रदर'. त्यात ग्रेगरी कोलमन हा ड्रमर चार बार एकटा वाजवतो. जेमतेम सात सेकंद. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, लोकांना पुढच्या बाजूचं गाणं आवडलं होतं. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर आले आणि ते सात सेकंद हिपहॉपवाल्यांच्या हाती लागले. मग इंग्लंडमध्ये तेच सात सेकंद वेगाने फिरवून, तुकडे करून, तुकडे उलटसुलट जोडून जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे प्रकार उभे राहिले. हजारो गाण्यांत तो माणूस वाजतोय. तुम्ही ऐकलाय, शंभर टक्के.

ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये गेला, हलाखीत. त्या सात सेकंदांचा त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, ज्याच्याकडे गाण्याचे हक्क होते, त्यालाही रॉयल्टी मिळाली नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संगीतवाल्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढून स्पेन्सरला सुमारे २४,००० पौंड पाठवले. कोलमनला पाठवायला पत्ताच उरला नव्हता.

हे वाचलं त्या रात्री मी माझे जुने प्रोजेक्ट उघडून बसलो होतो. कॉलेजमध्ये असताना हॉस्टेलच्या खोलीत बीट्स बनवायचो, त्यातल्या चार प्रोजेक्टमध्ये हाच ब्रेक. फाइलचं नाव "amen" नव्हतं हो, "ड्रम ०७ फायनल" होतं. हात कुणाचा हे विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

बरं, मशीनकडे. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये एकूण दहा सेकंद आवाज मावायचा. आपला व्हॉइस मेसेज त्यापेक्षा लांब असतो. मग लोक काय करायचे, ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ वर पळवून रेकॉर्ड करायचे, म्हणजे कमी जागेत बसेल, आणि नंतर मशीनमध्ये वेग उतरवायचे. त्यात आवाज खरखरीत व्हायचा आणि तीच खरखर नव्वदच्या हिपहॉपची चव झाली. आज लोक ती खरखर प्लगइन विकत घेऊन आणतात!

सॉफ्टवेअरमध्ये लूप आला तो आधी दोन खुणांच्या रूपात. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचं क्यूबेस १९८९ मध्ये अटारी कॉम्प्युटरवर आलं. डावी खूण, उजवी खूण, आणि मधला भाग फिरत राहणार. मग १९९८ मध्ये अॅसिड नावाच्या प्रोग्रॅमने लूपचा वेग बदलूनही सूर तोच ठेवायची सोय सगळ्यांच्या घरी आणली. बेल्जियममधलं फ्रूटीलूप्स, म्हणजे आजचं एफएल स्टुडिओ, त्याच सुमाराचं. २००१ मध्ये बर्लिनहून एबलटन लाइव्ह आलं, ज्यात लूप हेच वाद्य झालं. आणि २००४ ला अॅपलने गॅरेजबँडबरोबर तयार लूपांची पेटीच देऊन टाकली. रिहानाच्या 'अंब्रेला' चे ड्रम त्याच पेटीतले आहेत, 'व्हिंटेज फंक किट ०३'. कुणीही ओढून टाकावा असा.

आता तो "टक्". इथे थोडं सावकाश जाऊ, कारण तुम्ही मोबाईलवर बीट बनवत असाल तर हे उद्याच उपयोगी पडेल.

पहिलं कारण सोपं. आवाजाची लाट वर-खाली होत असते. लूपचा शेवट लाट वर असताना कापला आणि सुरुवात लाट खाली असताना, तर जोडावर स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो. ती उडी म्हणजे "टक्". म्हणून दोन्ही टोकं लाट शून्यावरून जाते तिथे घ्यायची. ऑडॅसिटीत सिलेक्शन करून झेड दाबलं की टोकं जवळच्या शून्यावर सरकतात. तेवढ्याने भागलं नाही तर जोडावर काही मिलिसेकंद क्रॉसफेड करायचा. शेवट विरतोय तोवर सुरुवात उगवतेय.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. चार बारचा लूप करायचा तर उजवी खूण कुठे? नवीन माणूस म्हणतो, चौथ्या बारच्या शेवटच्या ठोक्यावर. चूक. पाचव्या बारच्या सुरुवातीवर. पाचवा बार वाजत नाही, पण खूण तिथेच लागते. आम्ही प्रोग्रॅमर हे रोज करतो, सुरुवात धरायची आणि शेवट वगळायचा. एडस्गर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये यावर हाताने लिहिलेली छोटीशी टिपणी आहे, मोजणी शून्यापासून का करावी यावर. कॉलेजात ती वाचून मी भारावलो होतो.

मामाला हे समजावत होतो फोनवर. त्याने मध्येच तोडलं. "अरे, म्हणजे सतरावी मात्रा. तीनताल सोळाचा. तिहाई संपते सतराव्यावर, आणि सतरावी म्हणजेच पहिली. सम. हे तर पहिलीच्या पोराला सांगतो मी." डाइक्स्ट्रा गप्प, मी गप्प.

माझी चूक नेमकी हीच होती. सिलेक्शनमध्ये मी समेच्या स्वराचा अगदी छोटा तुकडा शेवटी घेतला होता. सम दोनदा वाजत होती, एकदा अर्धवट आणि लगेच एकदा पूर्ण.

ते काढलं. शून्यावर जोडलं. क्रॉसफेड दिला. दहा सेकंदांचं आवर्तन, ४४,१०० च्या दराने ४,४१,००० सॅम्पल, जोड कुठे आहे ते मलाही कळेना. खूश होऊन व्हॉट्सअॅपवर पाठवलं.

संध्याकाळी मामाचा मेसेज. "छान आहे. पण हे तात्या नाहीत."

मी परत ऐकलं आणि मग कळलं. तात्या भाता मारायचे तेव्हा काही स्वरांवर आवाज किंचित फुगायचा, दर आवर्तनात वेगळ्या जागी. काही वेळा समेच्या आधी जरा रेंगाळायचे. मी त्यातलं एक आवर्तन उचलून त्यालाच हजार वेळा वाजवलं होतं. एकदाच फुगलेला स्वर आता दर दहा सेकंदांनी, त्याच जागी, तेवढाच. शेफेरची घंटा. आवाज त्यांचाच, पण ओळख गेली. तो लेहऱ्याच्या मशीनसारखा वाटायला लागला होता, आणि मशीन मामाकडे आहेच की, रोज क्लासमध्ये तेच लावतो.

मग एक आवर्तन नको, बरीच आवर्तनं घेऊ. इथे दुसरी अडचण. अर्ध्या तासात तात्यांची लय चढते. सुरुवातीला आवर्तन दहा सेकंदांच्या थोडं वर, पुढे साडेनऊ. शेवटाहून सुरुवातीला उडी मारली की धावणाऱ्या माणसाची कुणी मागून कॉलर धरावी तसं होतं. सॉफ्टवेअर म्हणतं, सगळं एका टेम्पोवर ताणून देऊ का? एक बटण आहे. मी ते दाबलं, ऐकलं, आणि अनडू केलं.

शेवटी कागद घेऊन बसलो. प्रत्येक समेची वेळ लिहिली, मधली अंतरं काढली. बाराव्या मिनिटाच्या सुमाराला लय थोडी उतरते. बहुतेक त्यांच्याच लक्षात आलं असावं की आपण पळतोय, पोराला झेपणार नाही. तिथून पुढे बावीस आवर्तनांनंतर लय पुन्हा बरोबर तितकीच होते. म्हणजे तिथल्या दोन समा जोडता येतात. भात्याचा जोर दोन्हीकडे सारखा नव्हता, म्हणून क्रॉसफेड जरा लांब ठेवावा लागला. साडेतीन मिनिटांहून थोडा जास्त लूप.

फक्त त्यात एकोणिसाव्या आवर्तनात तात्या खोकतात. हळूच, तोंड बाजूला करून खोकल्यासारखं. पेटी थांबत नाही. मागे लांबवर इंजिनाची शिट्टीही आहे, पण ती टेपच्या सुस्काऱ्यात जवळजवळ बुडालीय. मी मामाला विचारलं, खोकला काढू का? निघतो, पाच मिनिटांचं काम आहे. खरंच पाच मिनिटांचं.

"राहू दे," मामा म्हणाला. "आणि फाइलला नाव नीट दे. लेहरा वन-टू असलं काही नको. त्यांचं पूर्ण नाव लिही."

आता त्याच्या सकाळच्या बॅचची पोरं त्यावर रियाज करतात. परवा मामा सांगत होता, एका पोराने रेला धरला आणि मोजता मोजता चुकला, कुठे आहोत कळेना. मग खोकला ऐकू आला, आणि त्याने बरोबर पुढची सम पकडली.